ऑडिओग्रामखालची सही

दात दुखू लागला की दातांच्या डॉक्टरकडे जायचे आणि अक्षरे पुसट दिसू लागली की डोळ्यांच्या, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. ऐकू कमी येऊ लागले की मात्र माणूस आधी काही वर्षे टाळाटाळ करतो, मग कधीतरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातो आणि तिथून एक चिठ्ठी घेऊन जाड दाराच्या लहानशा खोलीसमोर येऊन बसतो. आत जी व्यक्ती त्याच्या कानांवर हेडफोन चढवते तिला तो कधी ‘मॅडम’ म्हणतो, कधी ‘सिस्टर’, आणि घरी गेल्यावर ‘कानाच्या मशीनवाल्या बाई’ म्हणून तिच्याविषयी सांगतो. ती व्यक्ती ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ असते. बारावी विज्ञानानंतर बीएएसएलपी ही चार वर्षांची पदवी, त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे, आणि १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी, असा रीतसर मार्ग चालून ती तिथे पोहोचलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणदोषासाठी पुनर्वसनाची गरज आहे. भारतातली संख्या याच संघटनेने सहा कोटींच्या वर धरली आहे. इतक्या माणसांना ज्याची गरज आहे त्या व्यवसायाचे नावच बहुतेकांना ठाऊक नसते. अशा व्यवसायाचे शिक्षण घेणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींपुढे ‘मी नेमका कोण होणार आहे?’ हा प्रश्न वैद्यकीच्या विद्यार्थ्यापेक्षा फार कठीण होऊन उभा राहतो. माझे म्हणणे असे, की या प्रश्नाचे उत्तर पदवीच्या कागदात सापडत नाही आणि यंत्रे सफाईने चालवण्यातही सापडत नाही. ऑडिओग्रामवरचा, म्हणजे श्रवणाच्या आलेखावरचा, आकडा खरा आहे याची, आणि त्या आकड्याचे त्या माणसाच्या घरात पुढे काय होते याची जबाबदारी विद्यार्थी ज्या दिवशी आपली मानू लागतो, त्या दिवसापासून तो श्रवणतज्ज्ञ होऊ लागतो. हे आपोआप घडेल म्हणून सोडून देणे मला योग्य वाटत नाही. शिक्षणाने ते ठरवून घडवायला हवे.

व्यावसायिक ओळख कशी घडते याचे सुरुवातीचे महत्त्वाचे अभ्यास झाले ते वैद्यकीच्या विद्यार्थ्यांवर. रॉबर्ट मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ‘द स्टुडंट-फिजिशियन’ हे पुस्तक १९५७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यातल्या एका प्रकरणात मेरी जीन हंटिंग्टन यांनी एक साधी पण फार मोलाची गोष्ट नोंदवली आहे. आपण डॉक्टर आहोत असे विद्यार्थ्याला वाटणे हे समोर कोण आहे यावर अवलंबून असते. शिक्षकांपुढे तो स्वतःला विद्यार्थीच समजतो. रुग्णापुढे उभा राहिला की त्याला आपण डॉक्टर असल्याचे अधिक वाटते, कारण रुग्ण त्याच्याशी डॉक्टरशी वागावे तसा वागत असतो. चार वर्षांनी, १९६१ मध्ये, हॉवर्ड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्ससच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचे ‘बॉइज इन व्हाइट’ आणले. त्यांना वेगळेच चित्र दिसले. मोठे आदर्श घेऊन आलेली मुले पहिल्या काही महिन्यांतच परीक्षेत काय विचारतील आणि सरांना काय आवडेल एवढ्याचा हिशेब करू लागतात. या दोन अभ्यासांत विरोध आहे असे मानण्याची प्रथा आहे. मला ते एकमेकांना पूरक वाटतात. शिक्षणाची रचना मुलाला सतत शिक्षकासमोर उभे करत राहिली तर तो परीक्षार्थी होतो, आणि रुग्णासमोर जबाबदारीने उभे केले तर व्यावसायिक. श्रवणशास्त्राच्या विद्यार्थ्याची अडचण यातूनच कळते. वैद्यकीच्या मुलाला रुग्णाच्या नजरेत ‘डॉक्टर’ ही तयार प्रतिमा मिळते. श्रवणशास्त्राच्या मुलीकडे पाहणाऱ्या रुग्णाच्या मनात अशी कोणतीच प्रतिमा नसते. तो तिला तंत्रज्ञ समजतो, परिचारिका समजतो, यंत्र विकणारी समजतो. ओळख देणारा हा आरसाच धूसर असल्यामुळे तिला ती दुसरीकडून, म्हणजे कामाच्या आतून, मिळवावी लागते.

कामाच्या आतून म्हणजे कुठून, हे पाहायला सर्वांत साध्या तपासणीकडे जाऊ. शुद्ध-स्वर श्रवणचाचणी ही या अभ्यासक्रमाची बाराखडी. हेडफोनमधून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून द्यायचे. ऐकू आला की माणसाने बोट वर करायचे. ऐकू आला तर आवाज १० डेसिबल खाली आणायचा, नाही आला तर ५ डेसिबल वर न्यायचा, आणि ज्या पातळीला आवाज चढत्या क्रमात निदान निम्म्या वेळा ऐकू येतो ती त्या सुराची सीमा म्हणून आलेखावर मांडायची, उजव्या कानासाठी लाल गोल आणि डाव्यासाठी निळी फुली. ही पद्धत कुणालाही महिनाभरात हाताळता येते. आता एक माणूस असा घ्या की ज्याचा उजवा कान पूर्ण निकामी आहे आणि डावा ठणठणीत. उजव्या हेडफोनमधून ३० डेसिबलला आवाज दिला, बोट हलले नाही. ४० ला नाही. ५५-६० च्या आसपास मात्र त्याने बोट वर केले. तो खोटे बोलत नाही. त्याने आवाज खरोखरच ऐकला, पण डाव्या कानाने, कारण नेहमीच्या हेडफोनमधला आवाज साधारण ४० डेसिबलहून जास्त झाला की तो कवटीच्या हाडांमार्फत पलीकडच्या कानापर्यंत पोहोचू शकतो. कागदावर लाल गोलांची एक व्यवस्थित ओळ उमटते आणि निकामी कान मध्यम दोषाचा दिसतो. हा आलेख म्हणजे डाव्या कानाची उजव्या बाजूला पडलेली सावली असते. ती ओळखून पुसायची तर डाव्या कानात ठरावीक गोंगाट सोडून त्याला गुंतवून ठेवावे लागते. याला मास्किंग म्हणतात. गोंगाट कमी पडला तर डावा कान चोरून ऐकत राहतो, आणि जास्त झाला तर तो गोंगाटच पलीकडे जाऊन उजव्या कानाची चाचणी बिघडवतो. म्हणून गोंगाट पायरीपायरीने वाढवत, सीमा एका जागी स्थिर राहते आहे ना, हे प्रत्येक सुराला पाहावे लागते.

बाहेर ओपीडीची रांग असते. आतला माणूस कंटाळलेला असतो. गोंगाट कशाला आणि बोट कशाला, हा गोंधळ त्याला नको असतो. मास्किंग न करता काढलेला आलेख दिसायला पूर्ण दिसतो, आणि तो चुकीचा आहे हे त्या खोलीत त्या क्षणी फक्त एकाच व्यक्तीला कळू शकते. विद्यार्थ्याने केलेल्या तपासणीखाली सही मार्गदर्शकाची असते, त्यामुळे चूक निघाली तर ती वाटून घेतली जाईल अशी सोयही मनात असते. पण परिणाम वाटून घेता येत नाही. निकामी कानात हजारो रुपयांचे यंत्र बसते, त्यातून अर्थ लागेल असे काहीच ऐकू येत नाही, यंत्र कपाटात जाते आणि ‘मशीनचा काही उपयोग नसतो’ हे मत गावभर पसरते. याहून गंभीर म्हणजे, एकाच कानाचा पूर्ण दोष हे श्रवणमज्जेवरच्या गाठीचेही लक्षण असू शकते, आणि मध्यम दोषाचा आलेख पाहून पुढची तपासणी राहून जाते. सही आपली नसतानाही आपलीच असल्यासारखे मास्किंग करणारी विद्यार्थिनी आणि ते टाळणारी विद्यार्थिनी, दोघींना लेखी परीक्षेत सारखे गुण मिळू शकतात. त्यांच्यातला फरक माहितीचा नसतो. व्यावसायिक ओळख हा शब्द मोठा वाटतो, पण त्याचा अर्थ मला या बंद खोलीतल्या दहा मिनिटांत सर्वांत स्पष्ट दिसतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवी शिक्षकांकडून, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, आधी हात बसू द्या. ओळख वगैरे नंतर आपोआप येते. पहिल्या वर्षाच्या मुलाला डेसिबल म्हणजे काय ते धड उमगलेले नसताना त्याच्याशी ‘तू कोण’ या विषयावर चर्चासत्रे घेण्यात अर्थ नाही. चर्चासत्रांपुरते मला हे मान्य आहे. पण कौशल्य आधी आणि ओळख नंतर हा क्रम वस्तुस्थितीला धरून नाही. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या मूल्यमापनासाठी एक पिरॅमिड मांडला. तळाशी ‘माहीत असणे’, मग ‘कसे करायचे ते माहीत असणे’, मग ‘करून दाखवणे’ आणि टोकाला ‘प्रत्यक्ष करणे’. हा पिरॅमिड अनेक आरोग्य-शाखांच्या शिक्षकांना पाठ असतो. २०१६ मध्ये रिचर्ड क्रूस, सिल्व्हिया क्रूस आणि इव्होन स्टाइनर्ट यांनी त्याच्यावर आणखी एक पायरी सुचवली, ‘असणे’. त्यांचे म्हणणे असे की कुणी पाहत नसताना माणूस काय करील याची खात्री नुसत्या कौशल्याने देता येत नाही. तो स्वतःला कोण समजतो यावर ते ठरते. आणि ‘आपोआप येते’ या म्हणण्यातच धोका आहे, कारण आपोआप काहीतरी येतेच. फ्रेडरिक हॅफर्टी आणि रोनाल्ड फ्रँक्स यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की नीतीचे धडे वर्गापेक्षा कॉरिडॉरमध्ये, वरिष्ठांच्या वागण्यातून, कुणाला शाबासकी मिळते आणि कुणाला घाईवरून बोलणी बसतात यांतून जास्त शिकले जातात. हा छुपा अभ्यासक्रम रोज चालू असतो. वीस रुग्ण उरकणाऱ्याचे कौतुक आणि बारा रुग्ण नीट तपासणाऱ्याला टोमणे, असे एका सत्रभर चालले की मुलांना आपली ओळख मिळालेली असते. फक्त ती चुकीची असते.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांचे काम जिथे चालते तिथे हे आणखी उघड दिसते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यातल्या सुरांना ७० डेसिबल दोष असेल तर कर्णबधिर, आणि ६० ते ७० असेल तर ऐकू कमी येणारा, अशी व्याख्या आहे. सवलती आणि आरक्षणासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. म्हणजे पाच-दहा डेसिबलवर एखाद्याची नोकरीची संधी, बसपास, शिष्यवृत्ती टांगलेली असते. “मॅडम, थोडं वाढवून द्या ना, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे,” असे म्हणणारा बाप गुन्हेगार नसतो, तो अगतिक असतो. काही जण ऐकू येत असूनही बोट वर करत नाहीत. अशा वेळी चाचणी पुन्हा घेणे, दोन कानांत मोठा फरक सांगितला जात असेल तर स्टेंगर चाचणी करणे, माणसाच्या प्रतिसादावर अवलंबून नसलेली, आवाजाने मज्जेत उठणारे विद्युत्-संदेश टिपणारी बेरा तपासणी करून पडताळणे, हे सगळे पुस्तकात दिलेले आहे. ते करायचे की समोर आलेला आकडा लिहून मोकळे व्हायचे, हे पुस्तक ठरवत नाही. त्याच दारातून खरोखर ७० डेसिबल दोष असलेली, पण तपासणीच्या घाईत ६०वर नोंदली गेलेली बाईही बाहेर जाऊ शकते. दोघांशीही प्रामाणिक राहायचे तर बाप चिडतो आणि बाईला दुसऱ्यांदा बसवावे लागते. हा ताण विसाव्या वर्षी एकट्याने पेलता येत नाही. शेजारी उभा राहणारा मार्गदर्शक लागतो, आणि तो हा ताण विद्यार्थ्यापासून लपवतो की त्याच्यासमोर उलगडून दाखवतो, यावर बरेच काही अवलंबून असते.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे. श्रवणतज्ज्ञाची कमाई बऱ्याच ठिकाणी यंत्रांच्या विक्रीवर चालते. खासगी दुकानात नोकरी लागलेल्या पदवीधराला महिन्याचे विक्रीचे लक्ष्य दिले जाते. तिथे तुमची ही ओळख किती दिवस टिकेल, असे विचारले जाते. या प्रश्नाला व्यवसायाच्या इतिहासात मुळे आहेत. श्रवणशास्त्र स्वतंत्र शाखा म्हणून उभे राहिले ते दुसऱ्या महायुद्धात. तोफांच्या आणि स्फोटांच्या आवाजाने कान गमावलेले सैनिक अमेरिकेत परतू लागले तेव्हा त्यांच्यासाठी लष्करी रुग्णालयांत खास केंद्रे काढली गेली. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या डेशॉन रुग्णालयात रेमंड कारहार्ट यांनी १९४४ पासून केलेले काम या शाखेचा पाया मानले जाते. तिथे तपासणी ही कामाची सुरुवात होती. सैनिक कित्येक आठवडे राहत. वेगवेगळी यंत्रे लावून बोलणे किती समजते ते पाहिले जाई, ओठांच्या हालचाली वाचायला शिकवले जाई, नव्या आवाजाची सवय करून दिली जाई. या व्यवसायाचा जन्मच पुनर्वसनातून झाला आहे. निदानाच्या खोलीत तो नंतर अडकला. अमेरिकेतल्या श्रवणतज्ज्ञांच्या मुख्य संघटनेने तर १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत आपल्या सदस्यांनी नफ्यासाठी यंत्रे विकणे नीतिबाह्य ठरवले होते. ती बंदी उठली, आणि माझ्या मते उठली ते योग्यच झाले. यंत्र बसवणे हे तज्ज्ञाचे काम आहे; ते अप्रशिक्षित विक्रेत्याच्या हाती सोडून आपण सोवळे राहण्यात रुग्णाचे भले नव्हते. पण बंदी उठल्यावर, पूर्वी नियम जे करत होता ते काम आता माणसाच्या अंतर्गत ओळखीवर आले. म्हणून बाजार आहे हा आक्षेप माझ्या म्हणण्याला खोडत नाही, उलट ते किती निकडीचे आहे हेच सांगतो. ज्याला मी विक्रेता की तज्ज्ञ हे शिकताना कधी विचारलेच गेले नाही, त्याला त्याचे उत्तर पहिल्या पगाराच्या पाकिटातून मिळेल. यंत्र विकताना ते कानात प्रत्यक्ष किती आवाज पोहोचवते ते मोजायचे, पंधरा दिवसांनी परत बोलवायचे, आणि यंत्राची गरज नसेल तर तसे स्पष्ट सांगायचे, हे आग्रह इंटर्नशिपमध्येच अंगवळणी पडलेले असले तर पुढे सोडताना किमान खटकतात तरी.

आता सुरुवातीला सांगितलेल्या दुसऱ्या जबाबदारीकडे, आकड्याचे घरात पुढे काय होते याकडे, येतो, कारण अभ्यासक्रमात सर्वांत जास्त दुर्लक्ष तिच्याकडे होते. सात-आठ महिन्यांच्या बाळाची बेरा तपासणी झाली आहे. औषध देऊन झोपवलेल्या बाळाच्या डोक्यावरचे इलेक्ट्रोड निघाले आहेत, पडद्यावर मोठ्या आवाजालाही लाट उमटलेली नाही. आई विचारते, “म्हणजे हा बोलणार नाही का?” विद्यार्थी उत्तर देतो, “दोन्ही कानांना ९० डेसिबलला प्रतिसाद नाही.” उत्तर खरे आहे आणि प्रश्नाचे नाही. आई भविष्याविषयी विचारते आहे, भीतीने विचारते आहे. तिला यंत्राने मोजलेले मिळाले. हे एखाद्या विद्यार्थ्याचे वैगुण्य नाही. ऑस्ट्रेलियात केटी एकबर्ग, कॅटलिन ग्रेनेस आणि लुईस हिक्सन यांनी श्रवणतज्ज्ञ आणि ज्येष्ठ रुग्ण यांच्या प्रत्यक्ष भेटींचे चित्रीकरण तपासले; तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण यंत्राविषयीची लाज, भीती, नको वाटणे बोलून दाखवत होते. तज्ज्ञ बहुधा त्या बोलण्याला हात न लावता यंत्राच्या तांत्रिक माहितीकडे वळत होते, आणि मग रुग्ण तीच गोष्ट पुन्हा, अधिक जोर लावून सांगत. हे अनुभवी लोक होते. बोस्टनमधले डेव्हिड ल्युटरमन यांनी बधिर मुलांच्या पालकांबरोबर आयुष्यभर काम करून हेच मांडले, की निदानाच्या क्षणी पालकांना माहितीचा मारा नको असतो, कारण त्या धक्क्यात सांगितलेले फारसे लक्षात राहतच नाही. त्यांना आधी ऐकून घेणारे कुणीतरी हवे असते. ज्या व्यवसायाचा विषयच ऐकणे आहे त्याला हे परीक्षेत विचारले जात नाही याची मला खंत वाटते.

इथे मात्र एक खरा पेच आहे आणि तो सोपा करून दाखवणे चूक ठरेल. वेळ थोडा असतो. क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांच्या १९९८च्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत दोष ओळखला गेलेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा लक्षणीय चांगली निघाली. त्याच दिशेने पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचाराला सुरुवात हे वेळापत्रक जगभर मानले जाते. आपल्याकडे बाळ अनेकदा दीड-दोन वर्षांचे झाल्यावर, ‘आजोबाही उशिराच बोलले होते’ हे ऐकून ऐकून थकल्यावर आणले जाते. मग तज्ज्ञाने आईच्या दुःखाला वेळ द्यायचा की यंत्राची घाई करायची? माझ्या मते ही निवड दोन भेटींत सुटते, एका भेटीत सुटत नाही. पहिल्या दिवशी थोडक्यात, साध्या मराठीत, खरे सांगायचे. लाट उमटली नाही याचा अर्थ अजिबात ऐकू येत नाही असाच होत नाही, काही बाळांत अंतर्कर्ण काम करतो पण मज्जेतला संदेश विस्कळीत होतो, म्हणून आणखी तपासण्या हव्यात, हेही सांगायचे. आणि आठवड्याभरात पुन्हा बोलवायचे. दुसऱ्या भेटीला ते आले नाहीत तर फोन करणे ही कुणाची जबाबदारी? बऱ्याच ठिकाणी कुणाचीच नसते. ती विद्यार्थ्याची असावी, असे मला वाटते. कारण ओळख घडवणारी गोष्ट म्हणजे तोच रुग्ण पुन्हा भेटणे. पोस्टिंग पंधरा दिवसांची असते, बाळाचे बोलणे यायला दोन वर्षे लागतात. विद्यार्थी शेकडो कान पाहतो आणि एकही मूल वाढताना पाहत नाही. लॉगबुकात तास आणि रुग्णसंख्या भरते. आपल्या तपासणीने पुढे काय झाले हे त्याला कळतच नाही, आणि ज्याचा परिणाम कधी दिसला नाही त्या कामाशी नाते जडणे कठीण असते.

काही जण म्हणतील, या मुलांना मुळात हा व्यवसाय हवाच नव्हता. महाराष्ट्रात बीएएसएलपीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, आणि यादीत नाव लागेल तिथे अनेकांचा प्रवेश होतो. एमबीबीएसची जागा हुकल्याचे शल्य घेऊन ती येतात. हे खरे आहे, पण आवडीने आलेल्यालाच ओळख लाभते असे नाही. जबाबदारीतून आवड निर्माण झाल्याची उदाहरणे प्रत्येक व्यवसायात सापडतात. अडचण तेव्हा होते जेव्हा हे शल्य नावामागच्या उपाधीत औषध शोधते. ‘डॉक्टर’ लावता येते का, पांढरा कोट कुणाचा, यावर वाद घालण्यात खूप शक्ती खर्च होते. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून श्रवणशास्त्राची व्यावसायिक डॉक्टरेट आली आणि आता तिथे तीच प्रवेशाची पदवी आहे. तरीही वर सांगितलेले भीतीच्या प्रश्नाला तांत्रिक उत्तर देण्याचे दुखणे पदवी वाढवून आपोआप जाईल असे मानायला आधार नाही. आपल्या पदवीत श्रवण आणि वाचा-भाषा हे दोन्ही विषय एकत्र असतात, पदव्युत्तर शिक्षणात ते वेगळे होतात. त्यामुळे मुले सुरुवातीला गोंधळतात हे मी मान्य करतो, पण मला ही दुहेरी ओळख लाभाची वाटते. कान तपासणाऱ्याला भाषा कशी वाढते हे ठाऊक असले तर त्याला आकड्यापलीकडचे दिसते. मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या संस्थेत १९६० च्या दशकात हे शिक्षण सुरू झाले तेव्हा, आणि पुढे १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आली तेव्हाही, ही जोड कायम ठेवली गेली.

सर्वांत खोलवर जाणारा आक्षेप कर्णबधिर समाजाकडून येतो. ते विचारतात, तुमच्या या व्यावसायिक ओळखीत आम्ही कोण? दुरुस्त करायची वस्तू? १८८० मध्ये मिलान इथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिरांच्या शाळांतून खुणांच्या भाषेची हकालपट्टी करण्याचा ठराव केला आणि पुढच्या अनेक दशकांत मुलांना हात बांधल्यासारखे शिकावे लागले. ‘ऐकवणे आणि बोलते करणे’ हेच एकमेव ध्येय मानणारा श्रवणतज्ज्ञ त्या परंपरेचा वारस ठरू शकतो. या आक्षेपाने माझ्या म्हणण्याला दुरुस्ती सुचवली आहे आणि ती मी स्वीकारतो. ‘त्या आकड्याचे घरात पुढे काय होते’ ही जबाबदारी म्हणजे मूल बोललेच पाहिजे अशी हमी नव्हे. मुलाला लवकरात लवकर कोणती तरी पूर्ण भाषा मिळाली पाहिजे, ही ती जबाबदारी. कॉक्लिअर इम्प्लांट लवकर झाले, नियमित थेरपी मिळाली, तर ती भाषा मराठी असू शकते. ते शक्य नसेल, उशीर झाला असेल किंवा कुटुंबाची निवड वेगळी असेल तर ती भारतीय सांकेतिक भाषा असू शकते; अनेक घरांत दोन्ही असतील. दिल्लीत २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्या भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख आहे. श्रवणशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती निदान इतकी शिकावी की क्लिनिकमध्ये आलेल्या कर्णबधिर आईशी दुभाष्याशिवाय दोन वाक्ये बोलता येतील. यंत्र न वापरणाऱ्या, आपल्या आयुष्यात समाधानी असलेल्या कर्णबधिर माणसांना विद्यार्थ्यांनी भेटले पाहिजे. दवाखान्यात येणाऱ्यांनाच पाहून बधिरत्वाची कल्पना केली तर ती अपुरी राहते.

यासाठी संस्थांकडे मनुष्यबळ नाही, शिक्षकांवर आधीच भार आहे, हा शेवटचा आणि व्यवहारातला आक्षेप. नवे विषय घालावेत, गुण ठेवावेत, असे मी सुचवत नाही. ओळखीची परीक्षा घेतली की मुले तिचेही पाठांतर करतील. जे चालू आहे त्यातच थोडी फिरवाफिरव पुरेशी आहे. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक बाळ आणि एक ज्येष्ठ नागरिक अशी दोन कुटुंबे इंटर्नशिप संपेपर्यंत सोपवावीत. पोस्टिंग कुठेही असली तरी त्यांच्या भेटी त्यानेच ठरवाव्यात आणि त्यांची प्रगती त्यानेच लिहावी. मार्गदर्शकाने सही करण्यापूर्वी “तू यावर सही केली असतीस का?” एवढेच विचारावे आणि उत्तर ‘नाही’ आले तर पुन्हा तपासायला वेळ द्यावा, रांग कितीही असो. अहवाल रुग्णाला समजावून सांगायचे काम मार्गदर्शकाच्या उपस्थितीत विद्यार्थ्यानेच करावे, तेही रुग्णाच्या बोलीत. वऱ्हाडातून आलेल्या आजींना ‘मॉडरेटली सीव्हिअर’ सांगून उपयोग नाही, चुलीपाशी बसून सुनेने मारलेली हाक त्यांना ऐकू येते का, हे विचारून सांगावे लागते. याला प्रत्येक रुग्णामागे आठ-दहा मिनिटे जास्त लागतील. यंत्र घेऊन गेलेली माणसे ते न वापरता पडू देतात तेव्हा वाया जाणारा पैसा आणि तपासण्या पुन्हा कराव्या लागतात तेव्हा वाया जाणारा वेळ हिशेबात धरला, तर ही मिनिटे महाग पडत नाहीत, आणि जिल्हा रुग्णालयात एकट्याने बसायची वेळ येईल तेव्हा त्या विद्यार्थ्याला हीच मिनिटे उपयोगी पडतील.